डेकची किंमत, डोक्याची किंमत

'शॅडोरन'च्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) सगळ्यात स्वस्त सायबरडेक ४९,५०० नुयेनला मिळतो. त्याच पुस्तकात एके-९७ रायफलची किंमत आहे ९५० नुयेन. म्हणजे एका भिकार डेकच्या पैशात ५२ जणांची टोळी बंदुकांसकट उभी राहते. सगळ्यात भारी डेक, फेअरलाइट एक्सकॅलिबर, ८,२३,२५० नुयेन! हा तक्ता वाचून डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. म्हणून हा शनिवार त्याच्या नावे.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-पाच मित्र, कागद, पेन्सिल आणि फासे. एक जण गेम मास्टर, तो दुनिया चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राला काय किती जमतं ते आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि ऐनवेळी जमलं की नाही ते फासे सांगतात. सायबरपंक ही त्यातली एक दुनिया. सरकारपेक्षा मोठ्या कंपन्या, यांत्रिक हात बसवलेले गुंड, आणि कंपन्यांच्या जाळ्यात शिरणारा हॅकर. माइक पॉन्डस्मिथचा 'सायबरपंक' १९८८ चा, 'शॅडोरन' १९८९ चा. पहिल्यात हॅकरला नेटरनर म्हणतात, दुसऱ्यात डेकर. हत्यार दोघांचंही एकच, सायबरडेक.

आता आपण सगळे पोटासाठी कोड लिहिणारे लोक. त्यामुळे रविवारी टेबलावर बसलं की निम्म्या गटाला हॅकरच व्हायचं असतं. आठवडाभर ज्या सिस्टिमसमोर मान खाली घालून बसतो, निदान खेळात तरी तिच्यात घुसून दाखवू, एवढीच माफक अपेक्षा. आणि तिथे पुस्तक विचारतं, पैसे किती आहेत?

माझं म्हणणं सरळ आहे. हॅकरची ताकद दुकानातून विकत आणायला लावणारा नियम म्हणजे या खेळाने स्वतःशीच केलेली बेइमानी आहे. ज्या दुनियेची सगळी गंमत 'खिशात दमडी नाही तरी कंपनीला घाम फोडू' यात आहे, तिथे हॅकरलाच आधी कॅश काउंटरवर उभं करायचं?

जरा तपशिलात जाऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

पाचव्या आवृत्तीत पात्र बनवताना पाच रकाने असतात: वंश, गुणधर्म, जादू किंवा रेझोनन्स, कौशल्यं आणि पैसा. त्यांना अ ते ई असे पाच क्रम द्यायचे, एक क्रम एकदाच. पैशाला 'अ' दिला तर साडेचार लाख नुयेन, 'ड' दिला तर ५० हजार. म्हणजे 'ड' वाल्याने सगळ्यात स्वस्त डेक घेतला की हातात उरतात पाचशे. आणि मधल्या फळीतला जरा बरा डेक, ३,४५,००० चा, हवा असेल तर 'अ' पैशालाच द्यावा लागतो. मग कौशल्यं आणि बुद्धी आपोआप खालच्या क्रमावर. म्हणजे हॅकर एकतर श्रीमंत असू शकतो, नाहीतर हुशार. वा!

इथवर ठीक म्हणू. पण पुढे ऐका. हॅकिंगसाठी कौशल्य अधिक तर्कबुद्धी इतके फासे टाकायचे, पाच किंवा सहा पडलेला प्रत्येक फासा हे एक यश. किती यशं मोजायची यावर मर्यादा असते, आणि ती मर्यादा ठरवतो तुमचा डेक. स्वस्तातल्या डेकवर जास्तीत जास्त चार, एक्सकॅलिबरवर नऊ. म्हणजे तुम्ही रात्रंदिवस अभ्यास करून १५ फासे कमावलेत, नशिबाने सात यशं पडली, तरी यंत्र म्हणणार, 'साहेब, चारच धरा, गाडी स्वस्तातली आहे.' ('एज' खर्च करून मर्यादा ओलांडता येते, हे मान्य. पण एज म्हणजे नशीब. रोजच्या कामाला ते पुरत नाही.) साध्या कॉमलिंकवर तर हल्ला आणि लपाछपीचे आकडेच नसतात, त्यामुळे डेक गेला की डेकर संपला. तलवार मोडलेला योद्धा निदान मुठी तरी वापरतो.

कोणी म्हणेल, मग चौथी आवृत्ती (२००५) बरी होती. तिथे डेक गेले, कॉमलिंक आले, सगळं वायरलेस आणि परवडणारं. पण तिथे वेगळाच घोळ. हॅकिंगचा हिशोब होता कौशल्य अधिक प्रोग्रॅमचा दर्जा. बुद्धीचा आकडा त्यात धरलेलाच नाही! म्हणजे सहा दर्जाचा प्रोग्रॅम घेतला की ढ माणूसही बुद्धिमानाच्या बरोबरीला. स्वस्त झालं खरं, पण ताकद पुन्हा विकत घेतलेल्या वस्तूतच राहिली. महाग दुकान बंद करून स्वस्त दुकान उघडलं, एवढाच फरक.

मग तिसरा पर्याय, टेक्नोमॅन्सर. याला डेक लागतच नाही. तो जन्मतःच, किंवा एके दिवशी दैवी कृपा झाल्यासारखा, नुसत्या मनाने नेटवर्कशी बोलतो. खेळायला मजा येते, नाकारत नाही. पण या पर्यायांची यादी शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकतर बापाकडे पैसा हवा, नाहीतर जन्मजात देणगी हवी. मधे अभ्यास करून, रात्री जागून, सेकंडहँड मशीनवर शिकलेल्या माणसाला जागाच नाही. ही यादी ओळखीची वाटते ना? आपल्याकडे कोणाला काय जमेल हे पैसा आणि जन्म बघून ठरवणारे कमी नाहीत. ते सोडून दोन तास दुसऱ्या दुनियेत जावं म्हटलं, तर तिथेही तोच फॉर्म भरायचा?

गंमत म्हणजे ज्या कादंबरीतून हा सगळा पसारा आला, तिथे हे असं नाहीच. विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर'मधला (१९८४) केस हा हॅकर सुरुवातीला कफल्लक असतो. त्याच्या जुन्या मालकांनी विष देऊन त्याची मज्जासंस्था जाळलेली असते, म्हणून तो बेकार. पुढे काम देणारा माणूस त्याचे उपचार करतो आणि डेकही तोच पुरवतो. म्हणजे डेक ही कंपनीने दिलेल्या लॅपटॉपसारखी गोष्ट! आज हा, उद्या दुसरा. गेलं होतं ते त्याच्या नसांमधलं कसब, आणि कथेत किंमत त्याची आहे.

आता समतोलवाल्यांचा युक्तिवाद. तो असा की यांत्रिक अवयववाला लढवय्या शरीरावर लाखो खर्च करतो, मांत्रिक आपला 'अ' जादूवर खर्च करतो, मग हॅकरला फुकटात कसं सोडायचं? प्रश्न रास्त आहे. हॅकरनेही काहीतरी मोजलंच पाहिजे. पण काय मोजायचं हे ठरवण्याआधी, खऱ्या जगात हॅकिंगला काय लागतं ते बघू या. लांब जायला नको, पुण्यापर्यंत जाऊ.

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी आणि १३ तारखेला मिळून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत मालवेअर घुसवून खोटी मंजुरी देणारा एक समांतर स्विच उभा केला होता. खात्यात पैसे आहेत का, हे बँकेच्या मूळ प्रणालीला विचारलंच जात नव्हतं. पण नुसत्या कोडने नोटा बाहेर येत नाहीत. त्यासाठी नकली कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं उभी राहिली आणि सुमारे ७८ कोटी रुपये काढून घेऊन गेली. भारतातून अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. उरलेले सुमारे १४ कोटी स्विफ्टवरून हाँगकाँगच्या एका खात्यात. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. आणि पकडलं कोणाला गेलं? कार्डं घेऊन फिरणाऱ्यांना. पहिल्या दोन अटकांपैकी एक माणूस आपल्याच, तेव्हाच्या औरंगाबादचा होता. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

ही चोरी होती, तिचं कौतुक नाही. मला फक्त एवढंच विचारायचंय की या गोष्टीत आठ लाखांचं जादुई यंत्र कुठे दिसतं? दिसते ती वेळेची निवड, आतल्या व्यवस्थेची माहिती आणि ढीगभर माणसं. मागे एखादा देश असेल तर पैसा असणारच. पण तो पैसा उपयोगी पडतो माणसं जमवायला आणि वाट बघत बसायला. अक्कल आणि शिरकाव बिलावर येत नाहीत. आणि किंमत मोजतो तो बहुतेक वेळा साखळीतला शेवटचा, सीसीटीव्हीत तोंड दिसलेला माणूस. 'हाय टेक, लो लाइफ' म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

हे सगळ्यात चांगलं कोणाला कळलंय? 'सायबरपंक रेड'ला (२०२०). तिथे साधा डेक ५०० युरोडॉलरचा आणि असॉल्ट रायफलही ५०० चीच. हॅकिंगचा मुख्य आकडा म्हणजे 'इंटरफेस' हा नेटरनरचा दर्जा, त्यात दहा बाजूंचा फासा मिळवायचा. एका वेळी किती कृती करता येतील तेही दर्जाच ठरवतो. साध्या डेकमध्ये सात खाचा असतात आणि बहुतेक साधे प्रोग्रॅम २० ते १०० युरोडॉलरचे. म्हणजे परवडण्याचा प्रश्न संपला, निवडीचा सुरू झाला. ढाल घेऊ की तलवार? दोन खाचा खाणारा ब्लॅक आइस सोबत ठेवू की त्या जागेत दोन छोटे प्रोग्रॅम? हा खेळ! हे डोक्याचं काम!

दुसरी गोष्ट, 'रेड'मध्ये नेटरनरला अॅक्सेस पॉइंटच्या सहा मीटरच्या आत यावंच लागतं. खेळातल्या २०२२ च्या डेटाक्रॅशनंतर जगभराचं जुनं नेट बसलंय, प्रत्येक इमारतीचं जाळं आपापलं. काही जण यावर नाक मुरडतात, 'हॅकर घरी बसून का नाही?' अहो, वाळूजच्या कुठल्याही नीट चालवलेल्या कारखान्यात जाऊन विचारा. मशीन चालवणारं पीएलसीचं जाळं बाहेरच्या इंटरनेटपासून वेगळं ठेवणं ही तिथली साधी शिस्त आहे. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेटसुद्धा असल्या बंदिस्त जाळ्यात यूएसबीवरून शिरू शकेल असाच बनवलेला होता. कोणीतरी, कुठूनतरी, आत जावंच लागतं.

आणि आत जायचं तर गट लागतो. जुन्या 'सायबरपंक २०२०'मध्ये नेटरनर एकदा नेटमध्ये शिरला की तो आणि गेम मास्टर अर्धा तास आपसातच खेळणार. बाकीचे खाली जाऊन नान-खलिया खाऊन परत आले तरी हा पठ्ठ्या पहिल्याच भिंतीशी. 'रेड'मध्ये तो त्याच खोलीत, त्याच गोळीबारात बसून काम करतो. कोणीतरी दार धरून ठेवायचं, कोणीतरी सुरक्षारक्षकाला गप्पांत गुंतवायचं.

'रेड'ही निर्दोष नाही. इंटरफेस फक्त नेटरनरला, बाकी कोणाला त्यातलं शून्य. आयुष्यभर कंपनीत घालवलेल्या एक्झेक्युटिव्हला स्वतःच्याच इमारतीच्या जाळ्यातलं एक दार उघडता येऊ नये, हे जरा अतिच. पण रोख बरोबर आहे.

नुसती टीका करून उठायचं नाही, म्हणून आमच्या रविवारच्या गटात चालणारे नियम देतो. कुठल्याही आवृत्तीवर चढवता येतात.

१. डेकची किंमत बऱ्या रायफलएवढी. फासे कौशल्य आणि बुद्धीचे, आणि त्यावर डेकची मर्यादा नाही. डेक फक्त खाचा देतो.

२. पैशाने यश मिळत नाही, सोय मिळते. दुसरा डेक, सुरक्षित खोली, तोंड बंद ठेवणारा माणूस. श्रीमंत हॅकरला चूक परवडते, गरिबाला नाही. फरक तिथे दिसू दे, तो खराही आहे.

३. शिरकाव विकत मिळत नाही, मिळवावा लागतो. कोणाचं तरी कार्ड, गणवेश, शिफ्टची वेळ. त्यात सगळ्या पात्रांना काम.

४. प्रत्येक फसलेला फासा एक खूण मागे ठेवतो. सहा खुणा झाल्या की दारावर थाप, आणि ती नेहमी हॅकरच्याच दारावर पडेल असं नाही.

५. वीज. भारनियमनात लहानाचे मोठे झालेल्यांना हे शिकवायला नको. भंगारातून जोडलेला डेक चालतो झकास, पण बॅटरी किती फेऱ्या टिकेल हे फासा टाकून ठरवायचं.

या नियमांवर आमच्याकडे समतोल बिघडलेला नाही. उलट पाच नुयेन खिशात असलेला डेकर सगळ्यात जास्त घाबरतो, सगळ्यात जास्त विचार करतो आणि गटातल्या बाकीच्यांवर सगळ्यात जास्त अवलंबून असतो. मोजतोय की तो, भरपूर मोजतोय. फक्त नोटा मोजत नाही.

असो. ज्यांना डेकचे तक्ते आवडतात त्यांनी ते खुशाल फ्रेम करून भिंतीवर लावावेत. पण उद्या एखादा नवा पोरगा किंवा पोरगी तुमच्या टेबलावर बसून म्हणाली, 'मला हॅकर व्हायचंय', तर तिच्यापुढे किमतींचं पान उघडू नका. तुला काय येतं, हे विचारा.