तीन मिनिटांच्या पलीकडचे संगीत

डॉक्टरांना छंद असावा की नसावा, यावर आपल्या स्मरणिकांतून आजवर बरेच लिहून झाले आहे. आपल्यापैकी कुणी उत्सवी नाटकात भूमिका करतो, कुणी भजनी मंडळात पखवाजाला बसतो, कुणी निवृत्तीनंतर कुळागरात रमतो. माझा छंद मात्र परिचितांना जरा परका वाटतो. साधारण १९३५ ते १९४५ या काळातील अमेरिकन जॅझ संगीत, ज्याला ‘स्विंग’ म्हणतात, त्याच्या पुनःप्रकाशित आणि पूर्वी कधीच प्रकाशित न झालेल्या ध्वनिमुद्रणांचा मी संग्रह करतो. पेडणे-डिचोलीच्या मातीत वाढलेल्या माणसाने दशावतार, भजन आणि नाट्यपद सोडून हे कुठून शोधून काढले, असे मला अनेकदा विचारले जाते. सोडलेले काहीच नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे. उलट या संग्रहामुळेच आपल्या गायक-वादकांच्या बाबतीत आपण किती निष्काळजी आहोत, हे माझ्या ध्यानात आले. त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्विंग म्हणजे नाचासाठी वाजणारे बारा ते सोळा वादकांच्या मोठ्या वाद्यवृंदाचे संगीत. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन हे त्याचे मानकरी. लिहून बांधलेली रचना सगळ्यांनी मिळून वाजवायची आणि मध्येच एकाने उठून स्वतःच्या उपजेने ती फुलवायची, अशी त्याची पद्धत आहे. बंदिश आणि उपज यांचे नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अडचण होती ती तबकडीची. त्या काळच्या दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक मावत नसे. नृत्यगृहात जो वादक दहा मिनिटे वाजवी, त्याच्या वाट्याला तबकडीवर अर्धे मिनिट येई. शिवाय १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार घातला आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. म्हणजे कंपन्यांनी विकलेल्या तबकड्या हा त्या संगीताचा एक तुकडा आहे. उरलेले संगीत कुणाच्या तरी कपाटात असले तर असले.

ते खरोखरच कपाटात होते. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनची गाजलेली मैफल झाली. तिच्या तबकड्या पुढे घरातील कपाटात पडून राहिल्या आणि १९५० मध्ये सापडल्यावर कोलंबिया कंपनीने त्या लाँग प्ले स्वरूपात बाजारात आणल्या. नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो या गावी ७ नोव्हेंबर १९४० रोजी एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजवून गेला. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन तरुण हौशी मंडळींनी परवानगी काढून, स्वतःचे यंत्र नेऊन ती संपूर्ण रात्र मुद्रित केली. १९७८ साली ती रीतसर प्रकाशित झाली आणि तिला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. एलिंग्टनच्या त्या वर्षीच्या वाद्यवृंदाचे खरे रूप आज ज्यांना ऐकायचे असते, ते याच मुद्रणाकडे वळतात.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. बिल सेव्हरी नावाच्या तंत्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवरून थेट प्रक्षेपित होणाऱ्या मैफली मोठ्या, संथ फिरणाऱ्या तबकड्यांवर उतरवून घेतल्या. त्यामुळे तीन मिनिटांचे बंधन राहिले नाही. हा संग्रह आहे, इतके जाणकारांना ठाऊक होते. पण सेव्हरीने तो जवळजवळ कुणालाच ऐकू दिला नाही. २००४ साली तो वारला. २०१० मध्ये त्याच्या मुलाकडून हार्लेममधील जॅझ संग्रहालयाने हजारएक तबकड्या मिळवल्या, तेव्हा त्यांतील काहींचा लेप सुटून पापुद्रे निघू लागले होते. जे वाचले, ते २०१६ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि २०१८ मध्ये मोझेक या कंपनीने त्यांतून सहा सीडींचा संच काढला. सेव्हरीला मी दोष कसा देऊ? त्याने मुद्रणे केली नसती, तर ती रात्रीच उरली नसती. परंतु सहा दशके एकट्याने ऐकण्याचा हट्ट हा संग्राहकाचा जुना रोग आहे, हे मात्र म्हणावेच लागेल.

मोझेक या नावाशी थोडे थांबतो. मायकेल कस्कुना आणि चार्ली लुरी या दोघांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ही छोटी कंपनी काढली. ठरावीक प्रतींचे संच, टपालाने विक्री, आणि प्रत्येक संचासोबत मोठी पुस्तिका. त्या पुस्तिकेत प्रत्येक मुद्रणाची तारीख, जागा, प्रत्येक वादकाचे नाव आणि त्याचे वाद्य दिलेले असते. कस्कुना २०२४ मध्ये निवर्तले. संचातील संगीताइतकीच त्या पुस्तिकेची मी पारायणे केली आहेत. आज यूट्यूबवर सारे काही फुकट उपलब्ध असताना पैसे कशाला घालवता, असे तरुण सहकारी विचारतात. आपण क्ष-किरण फोटो पाहतो तेव्हा आधी रुग्णाचे नाव, तारीख आणि डावे-उजवे पाहतो. नाव-तारीख नसलेल्या फोटोवरून कुणी शस्त्रक्रिया करील काय? यूट्यूबवरची बहुतेक जुनी मुद्रणे तशी बेवारशी असतात. त्यांतून खरखर काढण्याच्या नादात कुणी वाद्याचा आवाजही पुसून टाकलेला असतो.

आता आपल्या घराकडे वळू. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले महाल. पोर्तुगिजांच्या ताब्यात ते अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. त्यामुळे जुन्या काबिजादीत चर्चच्या शाळांतून स्वरलेखन, व्हायोलिन आणि ट्रम्पेट शिकवण्याची जी परंपरा रुजली, ती आपल्याकडे फारशी पोचली नाही. ‘ते’ संगीत बारदेश-सासष्टीचे आणि ‘हे’ संगीत आपले, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. ती मला मान्य नाही.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे वादक आले. वेदरफोर्ड तर कलकत्त्यातच १९४५ साली वारले. या मंडळींना ऐकून मुंबईतील गोमंतकीय वादकांनी ही शैली आत्मसात केली. हळदोण्याचे अँतोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवत. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे ट्रम्पेटवादक. ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या कोंकणी चित्रपटांचे ते निर्माते. सॅबेस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे संयोजक झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले.

आणि या साऱ्यांना मराठी माणसाशी जोडणारा दुवा म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. ‘अलबेला’ (१९५१) आठवून पाहा. मास्टर भगवान हा मराठी नट, चितळकर हा मराठी संगीतकार, आणि पडद्यावर झालरींच्या बाह्यांत वाजवणारा ताफा हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा. आपल्या आईवडिलांनी ज्या गाण्यांवर जीव टाकला, त्यांत स्विंग होतेच. फक्त त्याचे नाव कुणी सांगितले नव्हते. तबकडीच्या लेबलावर गायक आणि संगीतकार यांची नावे छापली जात. वाद्यसंयोजकाचे आणि वादकांचे नाव सहसा नसे. ते वादक वयोवृद्ध होऊन एकामागून एक गेले. कोणत्या गाण्यात ट्रम्पेट कुणाचा, हे ओळखून सांगणारे कान आता फार थोडे उरले आहेत.

चिक चॉकलेटने स्वतःच्या वाद्यवृंदाच्या नावाने तबकड्या काढल्या होत्या. त्यांचे मोझेकच्या तोडीचे, तारखा-नावांसह पुनःप्रकाशन मी आजवर पाहिलेले नाही. पत्रकार नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ च्या इंग्रजी पुस्तकासोबत त्या काळच्या मुद्रणांची एक सीडी होती. त्या दिशेचे ते मोलाचे काम. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्या सुरेश चांदवणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी जुन्या तबकड्यांची माहिती चिकाटीने छापली. पण गोव्याचा वारसा सांभाळण्याची जबाबदारी मुंबईच्या हौशी मंडळींवर किती काळ टाकायची?

कुणी म्हणेल, हॉटेलातल्या नाचगाण्याचे काय एवढे? ठीक आहे, तर मग आपल्या देवळांतल्या आणि बैठकीतल्या संगीताचे तरी आपण काय केले? केसरबाई केरकर केरीच्या. पेडण्यातली नव्हे, फोंड्यातली केरी. तास-तास एक राग मांडणाऱ्या या गायिकेला तबकडीचा सोस नव्हता आणि मागे उरल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या मोजक्या चिजा. १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी पाठवायचे ठरले, तेव्हा संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी सुचवली. पण ती तबकडी बाजारातून केव्हाच गेली होती. शोधाशोध करता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात न उघडलेल्या तीन प्रती मिळाल्या, असे ती निवड करणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. खोके रद्दीत गेले असते तर? त्याच सोनेरी तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचेही एक वादन आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन्ही याने सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१७ मध्ये ओझ्मा या छोट्या कंपनीने वर्गणी जमवून ती सोनेरी तबकडी सर्वांसाठी पुन्हा काढली. केसरबाई आणि आर्मस्ट्राँग एका संचात मिळावेत, ही सोय अमेरिकेतल्या हौशी माणसांनी केली.

पेडण्यातील मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. भेंडीबाजार घराण्याच्या या थोर गायिकेचे नाव आपल्या तालुक्यात आदराने घेतले जाते. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचा आवाज ऐकला आहे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपल्या संघटनेने या कामात लक्ष घालावे. डॉक्टर हा घराघरांत जाणारा, विश्वासाने आत घेतला जाणारा माणूस आहे. माळ्यावरचा ग्रामोफोन, बोटीवरून परतलेल्या चुलत्याने आणलेल्या तबकड्या, देवळाच्या उत्सवात झालेल्या गायनाच्या आणि नाटकाच्या कॅसेटी यांकडे आपली नजर जाते. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर वर्षभरात या वस्तू भंगारात जातात, हेही आपण पाहतो. वस्तू मागू नये. फक्त ‘टाकू नका, एकदा उतरवून घेऊ द्या’ एवढे सांगावे. उतरवून घेताना मूळ आवाजाची एक प्रत कोणतीही सफाई न करता ठेवावी. सोबत गायक, साथीदार, ठिकाण, तिथी यांची नोंद, जिवंत साक्षीदार असेतोवर, करावी. एक प्रत घरच्यांना आणि एक पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या सार्वजनिक जागी द्यावी.

कायद्याची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही, परंतु तारतम्य हवे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. चाळीस-पन्नासच्या दशकांतील तबकड्या या दृष्टीने मोकळ्या आहेत. गीत आणि चाल यांचा हक्क निराळा. तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून १९८२ मध्ये निवर्तलेल्या सी. रामचंद्रांच्या चाली अजून मोकळ्या नाहीत. खासगी मुद्रणे प्रसिद्ध करायची, तर कलावंताच्या वारसांची संमती घ्यावी. आपण रुग्णाची घेतो तशीच, लेखी.

दोन सूचना आपल्या व्यवसायाच्या सवयीपोटी. आपला हात आधी स्पिरिटच्या बाटलीकडे जातो. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तिला शुद्ध पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ फडके पुरते. वाजवताना लाँग प्लेची बारीक सुई न लावता ७८ ची जाड सुई लावावी. आणि क्रम ठरवताना तबकड्यांना घाई करू नये. कोरड्या जागी उभ्या ठेवल्या, तर त्या आपल्यापेक्षा अधिक जगतील. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते ती कॅसेट आणि स्पूलच्या फितीला. तेव्हा उत्सवातल्या कॅसेटी आधी, स्पूल त्याच्याबरोबर, आणि चिक चॉकलेट, केसरबाई नंतर.