पाइपवर छापलेला आकडा

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पवईच्या आयआयटीत टेकफेस्टची रोबोवॉर पाहून आल्यापासून त्याला दुसरं काही सुचेना. चार मित्र जमवून १५ किलोचा लढाऊ रोबोट बांधायला घेतला. समोरच्याला खालून उचलून उलटा पाडणारा, म्हणजे फ्लिपर.

ही कल्पना ब्रिटनमध्ये गाजली. तिथल्या ‘रोबोट वॉर्स’ या टीव्ही कार्यक्रमात रेक्स गॅरड यांचा ‘कॅशस’ १९९८ साली उलटा पडला आणि आपल्याच फ्लिपरने पुन्हा सरळ झाला. मग जॉर्ज फ्रान्सिस यांचा ‘केऑस टू’ आला. तो सलग दोन पर्वांत विजेता ठरला आणि प्रतिस्पर्ध्याला थेट आखाड्याबाहेर फेकू लागला. ही सगळी ताकद दाबलेल्या वायूची.

हिशेब नववीच्या मुलालाही जमेल. ५ सेंटीमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटीमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो, म्हणजे मोटारसायकलच्या टायरच्या साधारण चौपट. रेटा झाला १६० किलो! पण दट्ट्या ढकलतो बिजागरीजवळ. पात्याचं टोक तिप्पट अंतर हलतं, म्हणून टोकाशी रेटा तिसरा हिस्साच उरतो. तरी १५ किलोचा रोबोट उचलायला तो भरपूर झाला.

तरीही पोरांचं पातं सरकारी लिफ्टसारखं हळूहळू वर यायचं. कारण ताकदीत नव्हतं, वाटेत होतं. बारीक नळी आणि छोटा व्हॉल्व्ह यांतून एवढी हवा क्षणात जाणार कशी? उपाय त्यांनीच शोधला, आणि तो बरोबर होता: सिलिंडरला खेटून हवेची एक टाकी ठेवायची आणि मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्ह लावायचा.

टाकी पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. नळाचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना टोप्या चिकटवलेला.

“मामू, यावर ६ किलो छापलंय. आम्ही पाचच भरणार.”

“बेटा, तो आकडा पाण्यासाठी आहे.”

पाणी जवळपास दबतच नाही. पाइप तडकला तर थोडं पाणी उडतं आणि दाब लगेच खलास. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते. पाइप फुटला की ती सगळी एकदम मोकळी होते. त्यात पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या धारदार चिपा उडतात. आणि ही टाकी मांडीवर घेऊन पोरं स्क्रू पिळत होती.

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. बहीण म्हणाली, “भाई, तुम्ही त्याचा हिरमोड केलात.” केला खरा. पण बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. (वर्गातही मला हेच कठीण जातं. नाही म्हणताना मुलाची हौसच मारली जाते की काय, ही धास्ती.) तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन न्यूमॅटिकचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. हवेसाठीच बनवलेली धातूची छोटी टाकी घेतली, जादा दाब आपोआप सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह घेतला आणि बाहेरून हात न घालता सगळी हवा सोडता येईल असा एक कॉक. पैसे बरेच गेले. शिवाय वजन वाढलं, तेव्हा चिलखताचा मागचा पत्रा बदलून पातळ लावावा लागला. त्यावरून पोरांत भांडणही झालं.

बहिणीचा खरा प्रश्न वेगळाच होता. “याचा पुढे नोकरीत काही उपयोग?” मी म्हटलं, सिटी बसचे आपोआप उघडणारे दरवाजे बघ. त्यांतही हाच दट्ट्या आणि हाच व्हॉल्व्ह असतो. पाकिटं भरणाऱ्या कारखान्यांत तर असे शेकड्यांनी लागतात. तिचं पूर्ण समाधान झालं असं नाही. परीक्षा तोंडावर आहे, हे तिचं म्हणणंही खोटं नाही.

गेल्या आठवड्यात त्यानं कॉलेजच्या वर्कशॉपमधून व्हिडिओ पाठवला. वाळूचं १५ किलोचं पोतं पात्यावर ठेवलेलं. खट्! पोतं उडून पलीकडे पालथं. पोरांचा एकच गलका. मग भाचा पुढे आला, त्यानं आधी कॉक उघडला, हवा फुस्स करून पूर्ण जाऊ दिली, पात्याखाली लोखंडी दांडा अडकवला आणि मगच आत हात घातला.

बहिणीनं पोतं उडतानाचा भाग चारदा पाहिला. मी त्यानंतरचा.