दुकानाची पाटी आणि प्रशासनाची परवानगी

जबलपूरला एखाद्या मराठी कुटुंबाने गोलबाजारात दुकान थाटले, की गुमास्त्याच्या नोंदणीपाठोपाठ प्रश्न येतो तो दुकानावरील पाटीचा. त्यासाठी नगर निगमाकडे जावे लागते. तेच दुकान सदर बाजारात असेल, तर मात्र छावणी परिषदेकडे. कारण सदर कँटोन्मेंटच्या हद्दीत येते. निगमाचा अधिकार 1956 च्या राज्य अधिनियमातून येतो, तर छावणीचा 2006 च्या केंद्रीय कायद्यातून. एकाच शहरात हद्द ओलांडली की कायदा बदलतो आणि ही गोष्ट नव्या दुकानदाराला बहुधा नोटीस आल्यावरच समजते.

मुळात अशी परवानगी हवीच कशाला, असे काही जण विचारतात. त्याचे उत्तर घाटकोपरने दिले आहे. 13 मे 2024 रोजी वादळात तेथील महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचे प्राण गेले. मुंबई महापालिकेच्या नियमानुसार 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना तो फलक सुमारे 120 बाय 120 फुटांचा होता. पुण्यात 2018 मध्ये जुन्या बाजाराजवळ अशाच दुर्घटनेत चौघे दगावले होते. म्हणून नियमन हवेच, याबद्दल दुमत नसावे.

प्रश्न आहे तो नियमन कशाचे, हा. छतावरचा लोखंडी सांगाडा आणि दुकानाच्या दारावरची नावाची पाटी यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. पहिल्यात व्यापारी जागा विकली जाते. दुसरीत आपण कोण व काय विकतो एवढेच सांगितलेले असते. आयसीआयसीआय बँक विरुद्ध मुंबई महापालिका या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच भेद लक्षात घेतला : प्रत्येक फलक म्हणजे जाहिरात नव्हे, त्यात व्यापारी लाभाचा अंश असावा लागतो.

पुढे 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील जाहिरात कराची 55 वी नोंदच वगळली आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला. तेव्हापासून स्थानिक संस्थांच्या हाती उरले ते मुख्यतः शुल्क. शुल्काचे समर्थन तपासणी व देखरेखीच्या कामातून व्हावे लागते. तपासणी होतच नसेल, तर ते शुल्क म्हणजे नाव बदललेला करच ठरतो.

यावर उपाय अवघड नाही. ठरावीक आकाराच्या, भिंतीलगतच्या पाटीसाठी केवळ लेखी सूचना पुरेशी मानावी. रस्त्यावर पुढे आलेल्या किंवा विजेच्या पाटीची एकदा तपासणी व्हावी. छतावरील फलकासाठी मात्र संरचना अभियंत्याचा दाखला दरवर्षी सक्तीचा करावा. अशाने अभियंत्यांचा वेळ धोक्याच्या जागी खर्च होईल.

मुदतीचेही तसेच. लोकसेवा हमीचा कायदा देशात सर्वप्रथम मध्य प्रदेशाने 2010 मध्ये केला. महाराष्ट्राने 2015 मध्ये. मध्य प्रदेशच्या कायद्यात विलंबाबद्दल दिवसाला 250 रुपये व कमाल 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. पण ही हमी केवळ अधिसूचित सेवांनाच लागू पडते. पाटीची परवानगी जेथे त्या यादीत नसेल, तेथे ती मुदतीसह घातली पाहिजे. मुदत नसलेली परवानगी ही दलालाची उपजीविका असते.

महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनंतर चर्चा झाली ती पाटीवरील मराठी अक्षरांच्या आकाराची. जबलपुरात हिंदी व मराठीची लिपी एकच असल्याने तो प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथील मराठी दुकानदाराची गरज साधी आहे : आपली हद्द कोणाची, नियम कोणता, शुल्क किती आणि उत्तर कधी. ही चार उत्तरे कार्यालयाच्या दारावरच लावलेली असावीत. ती मिळेपर्यंत अर्जदाराने एक पथ्य पाळावे : अर्ज दिला की तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुदत मोजायला सुरुवात तेथूनच होते.