नाणेघाटातला वारा टोपी परत देतो, माणूस नाही

जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी जुन्नरहून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. बहुतेकांना नाणेघाटातला उलटा धबधबा पाहायचा असतो. कड्यावरून खाली निघालेले पाणी मध्येच फवारा होऊन वर येते आणि बघणाऱ्यांना भिजवते. मग खेळ सुरू होतो. कोणी टोपी दरीत भिरकावतो, ती परत येते. कोणी रिकामी बाटली टाकतो, तीही येते. टाळ्या पडतात आणि घोळका कड्याच्या दिशेने आणखी दोन पावले सरकतो.

धोका आहे तो या दोन पावलांत. इथे वारा गुरुत्वाकर्षणाला हरवतो, असे डोळ्यांदेखत दिसते. प्रत्यक्षात तो फक्त हलक्या वस्तूंना हरवतो.

कोकणातून येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आदळतो. त्याला पुढे वाट नसते, म्हणून तो कड्याला घासून वर चढतो. दुसरीकडे, पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला हवा अडवते आणि वेग वाढेल तशी ही अडवणूकही वाढते. ती वजनाइतकी झाली की वेग वाढायचा थांबतो. एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब सेकंदाला जेमतेम चार मीटर वेगाने पडतो. वर चढणारा वारा त्याहून वेगवान असेल तर थेंब खाली जाणार कसा?

लिटरभर पाण्याच्या बाटलीचे उदाहरण आणखी बोलके आहे. रिकामी असताना ती साधारण २५ ग्रॅम भरते, भरलेली किलोच्या थोडी वर. आकार तोच, हवेला भिडणारा पृष्ठभाग तोच, वजन मात्र चाळीस पट. त्यामुळे पडण्याची वेगमर्यादा सुमारे सहा पट होते. रिकामी बाटली आडवी पडताना ताशी पंधरा-सोळा किलोमीटरवर अडते, तर भरलेली, पुरेशी उंची मिळाली, तर शंभरच्या आसपास पोचते. रिकामी परत आली म्हणून गंमतीने अर्धी भरलेली टाकणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढणारे लोक त्याच कड्याखालच्या वाटेवर असतात.

हाच हिशेब आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याला गारपिटीतून कळलेला आहे. हरभऱ्याएवढी गार पाने फाडते, लिंबाएवढी गार द्राक्षबाग झोपवते. गारेचा व्यास चौपट झाला की वजन ६४ पट होते आणि पडण्याचा वेग साधारण दुप्पट. म्हणजे आदळण्याची ऊर्जा अडीचशे पटींहून जास्त. अशा वेळी रानात असलेल्या माणसाने आधी डोके झाकावे, निदान पाटी तरी डोक्यावर घ्यावी.

आता माणूस. हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाला हवेत तोलून धरायचे तर खालून ताशी सुमारे २०० किलोमीटरचा वारा हवा. परदेशांत माणसांना हवेत तरंगवणारे उभे बोगदे असतात, तिथे पंखे साधारण तेवढाच झोत सोडतात. नाणेघाटातल्या रोजच्या पावसाळी वाऱ्याकडून ती अपेक्षा धरता येत नाही. शिवाय वेगमर्यादा गाठायला माणसाला शेकडो मीटर पडावे लागते. त्याआधीच्या वीस मीटरांत हवा त्याला जवळजवळ अडवतच नाही. दोन सेकंदांत वेग ताशी ७० किलोमीटर. मुंगी विहिरीत पडून चालू लागते, माणसाच्या बाबतीत तसे होत नाही.

प्रत्यक्षात तोल जातो तो वेगळ्याच कारणाने. ताशी ६० किलोमीटरचा वारा उभ्या माणसाला दहा-अकरा किलोच्या जोराने ढकलतो. पडू नये म्हणून शरीर आपोआप वाऱ्याच्या दिशेने झुकते, आणि इथे वारा दरीतून येतो! म्हणजे कड्यावरचा माणूस नकळत दरीकडे रेलून उभा असतो. झोत क्षणभर ओसरला की टेकू जातो. त्यात पाय शेवाळलेल्या कातळावर आणि एक हात मोबाइलमध्ये अडकलेला.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. मुक्त पतनात सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात, हे वाक्य मुले घोकतात. ते खरे आहे, पण निर्वात जागेत. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकत्र सोडले, ते एकाच वेळी टेकले. चंद्रावर वातावरण नाही, नाणेघाटात ते भरपूर आहे. वस्तुमान, आकार आणि वारा यांचा हिशेब कसा बदलतो, हे मुलांपर्यंत अभावानेच पोचते. जुन्नरच्या शाळांना तर ही प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर आहे. कड्यापासून लांब उभे राहूनही ती दिसते.

प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते, पोलिस उभे करते. ते हवेच. पण ‘धोका, पुढे जाऊ नये’ एवढ्याने कॉलेजची पोरे थांबत नाहीत, कारण त्यांना धोका दिसत नाही, परत येणारी टोपी दिसते. मग फलकावर तेच लिहावे : रिकामी बाटली उचलायला ताशी १६ किलोमीटरचा वारा पुरतो, तुम्हाला २०० लागतो. आणि खाली दुसरी ओळ : वाऱ्यावर रेलून उभे राहू नका, तो कधीही थांबतो. रंगाचा एक डबा आणि एक सुतार, एवढाच खर्च. पुढच्या मोसमाआधी तो ग्रामपंचायतीलाही झेपेल.