हाताने चालविलेले हरीण



आमच्या कळंबमध्ये मुले जेवायला बसली की घरोघरी मोबाइलवर कार्टून लागते. मुले दोन घास जास्त खातात म्हणून आपणही गप्प बसतो. पण ते चित्र हलते कसे, आणि आपल्याकडे ते कोणी हलविले, हे मुलांना कोण सांगणार?

पडद्यावर एका सेकंदात 24 चित्रे सरकतात. एकेक चित्र दोनदा वापरले तरी सेकंदाला 12 लागतात. म्हणजे मिनिटाला 720 आणि दहा मिनिटांना 7,200! संगणक येण्यापूर्वी ही सारी हाताने काढावी लागत. आधी कागदावर पेन्सिलने, मग पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने रेघ, आणि मागच्या बाजूने रंग. झाडे-डोंगरांचे एकच चित्र खाली ठेवायचे, त्यावर पात्राचे चित्र बदलत जायचे आणि दर वेळी कॅमेऱ्याने टिपायचे. डोळ्यांना वाटे, हरीण पळते आहे. पळत असे तो चित्रकारांचा हात.

दादासाहेब फाळके यांनी 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचविल्या, पण त्या खऱ्याच काड्या होत्या. चित्रे काढून ती हलविण्याचे शिस्तबद्ध शिक्षण मुंबईत सुरू झाले ते 1956 च्या सुमारास, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमधील कार्टून विभागात. डिस्नेच्या ‘बांबी’वर काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले. जी. के. गोखले, राम मोहन असे कलावंत त्या विभागात होते. 1957 साली तेथे तयार झालेला चित्रपट म्हणजे ‘द बनियन डियर’. आपल्या निग्रोधमृग जातकाचीच ही कथा!

वाराणसीच्या राजासाठी रोज एका हरणाने पाळीने मरायचे, असे ठरलेले असते. एके दिवशी गाभण हरिणीची पाळी येते. ‘पाडस होईपर्यंत थांबा,’ असे ती आपल्या कळपाच्या राजाला विनविते. तो नियमावर बोट ठेवतो. दुसऱ्या कळपाचा राजा निग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः मान ठेवतो. ते पाहून राजा तिला अभय देतो आणि पुढे साऱ्या प्राण्यांनाही. नियम सर्वांना सारखा दिसला, तरी त्याखाली भरडले कोण जाते, हे पाहणे म्हणजे करुणा. हे मुलांना भाषणाने कळत नाही, चित्राने कळते.

याच राम मोहन यांनी नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी ‘मीना’ साकारली. भावासारखेच आपल्यालाही शाळेत जाऊ द्या, म्हणणारी ही मुलगी दक्षिण आशियातील अनेक भाषांत बोलली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. रविवारी मुलांना निग्रोधाची गोष्ट सांगा. मग जुन्या वहीच्या 24 पानांच्या कोपऱ्यांत, प्रत्येक पानावर पाय किंचित पुढे सरकवून, हरीण काढायला लावा. अंगठ्याने पाने भराभर सोडली की दोन सेकंद ते पळेल. दोन सेकंदांना किती मेहनत लागते, हे ज्या मुलाला कळले, ते दुसऱ्याच्या श्रमाला कमी लेखणार नाही. आणि चित्रे काढणाऱ्या मुलाला वा मुलीला ‘वही वाया घालवू नकोस’ म्हणण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबावे.