दुसरं काय असतं गं?

दिवाळीत गावी गेले, तेव्हा मामेबहिणीच्या घरी ऊसतोडीला निघायची बांधाबांध चालली होती. दहावीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर. आता मी पुण्यात एम.ए. करतेय आणि तिला दोन पोरं. भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तोडणीवरून आलं की ऑपरेशन करून टाकते. सासूबाई म्हणतात, एकदाची सुटशील.’

‘पण तुला करायचंय का?’

तिने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, ‘दुसरं काय असतं गं?’

असतं की! आणि सरकारी दवाखान्यात फुकट असतं. कॉपर-टी आहे, एक पाच वर्षांची, एक दहा वर्षांची. ‘अंतरा’चं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. शिवाय माला-एन, निरोध. पण तिच्यापर्यंत काय पोचलं? एकच शब्द, ऑपरेशन.

ती एकटी नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी जवळपास 38 जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. आणि नवऱ्याने नसबंदी केलीय अशा किती? हजारात तीन!

गैरसमज नको. ऑपरेशन वाईट नाही. विचार करून निवडलं तर तो तिचा हक्कच आहे, आणि नियमाप्रमाणे त्यासाठी नवऱ्याची संमतीही लागत नाही. पण दुसरं काही माहीतच नसेल, तर त्याला निवड म्हणायचं का?

आता ‘अंतरा’चंच बघा. पहिलं इंजेक्शन गावाजवळच्या केंद्रात घेतलं. दुसऱ्याची तारीख येते तेव्हा बाई दुसऱ्या जिल्ह्यात, उसाच्या फडात. तिथे आशाताई ओळखीची नाही, दवाखाना लांब. खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. खरं तर तारीख उलटून चार आठवड्यांपर्यंत इंजेक्शन घेता येतं, पण हे तिला सांगितलंय कुणी? पाळी अनियमित होईल, कदाचित बंदही होईल, हेही आधी सांगितलेलं नसतं. मग ती घाबरते आणि सोडून देते. वर आपणच म्हणतो, ‘या बायका ऐकतच नाहीत.’

घाईघाईने ऑपरेशनं उरकली की काय होतं, तेही या देशाने पाहिलंय. 2014मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनाहून जास्त जणी दगावल्या. 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत थांबवायला सांगितलं.

आणि मुलग्यांनो, हे तुमच्यासाठी. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. पहिले तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करून घ्यायची, एवढंच. तरी घरोघरी उत्तर ठरलेलं, ‘त्याला अशक्तपणा आला तर कोयता कोण चालवणार?’ अरे, मग उसाच्या मोळ्या डोक्यावर कोण वाहतं?

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं 1921 साली. सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला 1952 साली. शंभर वर्षं झाली, तरी माझ्या बहिणीला पर्याय माहीत नाहीत. हा दोष तिचा नाही.

आपण काय करू शकतो? पुष्कळ. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस गावात राहतो ना आपण? ग्रामस्वच्छता करतो, पथनाट्य करतो. त्यातली एक दुपार उपकेंद्राच्या सिस्टरला द्या. मुली-सुनांना बोलवा आणि पोरांनाही बसवा. ‘अंतरा’चं कार्ड सोबत न्या, साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, एवढं सांगितलं तरी किती जणींची सोय होईल. आणि आरोग्य खात्याला विचारा, टोळ्या निघण्याआधी गावात आणि गाळप सुरू असताना फडावर ही सेवा का जात नाही?

त्या रात्री मी बहिणीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘हे आधी का नाही सांगितलंस?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या तिने ऑपरेशनच करायचं ठरवलं तरी चालेल. पण दुसरं काय असतं, हे माहीत असताना ठरवू दे.

तुमच्याही घरात अशी एखादी बहीण असेलच. तिला सांगितलंत?