साधा सायनस म्हणून अंगावर काढू नका : नाकातल्या बुरशीचं निदान नेमकं कुठे अडतं?

भांडुप : गावात दुखणं बरं होईना की पेशंटला मुंबईला न्यायचं ठरतं. कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी घरांचं कुणी ना कुणी भांडुपच्या चाळीत राहतं. तिथून लोकलने सायन, परळची मोठी रुग्णालयं गाठता येतात. पण नाकातल्या बुरशीचा एक प्रकार असा आहे की, 'पुढच्या आठवड्यात नेऊ' म्हणेपर्यंत डोळा हातचा जातो.

2021 च्या कोरोना लाटेत 'काळी बुरशी' म्हणून गाजलेला हा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. सर्वाधिक रुग्ण सापडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावाधाव झाली. लाट ओसरली, बातम्या थांबल्या. आजार मात्र गेला नाही. कारण कोरोनाआधीही तो होताच, तो मुख्यतः साखर हाताबाहेर गेलेल्या मधुमेहींमध्ये.

या बुरशीचे कण माती, शेणखत, कुजलेला पाला यांत असतातच. धडधाकट माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. साखर फार वाढली किंवा स्टिरॉइड जास्त दिवस घेतलं, की शरीराचा पहारा ढिला पडतो. मग बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त न मिळालेला भाग मरतो आणि काळा पडतो. म्हणजे काळेपणा मेलेल्या मांसाचा असतो. काळं दिसायची वाट बघणं म्हणजे उशीर करणं.

निदान अडतं ते इथे. एक्स-रेमध्ये सायनस भरलेलं दिसतं, पण कशाने भरलं ते कळत नाही. सीटी स्कॅन, एमआरआयमधून आजार कुठवर पसरला याचा अंदाज येतो. पक्कं निदान होतं ते दुर्बिणीने नाक पाहून काढलेल्या तुकड्यावर. केओएच या साध्या तपासणीत तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याच दिवशी बुरशी दिसू शकते. कल्चरला काही दिवस लागतात आणि प्रत्येक वेळी बुरशी उगवतेच असं नाही. त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून आजार नाही, असं धरून चालत नाही.

नाकातली प्रत्येक बुरशी एवढी घातक नसते. ॲलर्जीची बुरशी किंवा सायनसमध्ये साठलेला बुरशीचा गोळा हे प्रकार संथ असतात, त्यांचे उपचारही वेगळे. म्हणून तपासणीशिवाय औषध सुरू करणं दोन्हीकडून महागात पडतं.

केओएचला महागडं यंत्र लागत नाही. तालुक्यात अडचण आहे ती तुकडा काढणाऱ्या नाक-कान-घसा तज्ज्ञाची. ती सुटेपर्यंत दोन गोष्टी गावातच होऊ शकतात : प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातली साखर तपासणं आणि स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने न घेणं.

मधुमेही माणसाचा चेहरा एका बाजूने दुखतोय किंवा सुजलाय, गाल बधिर झालाय, नाकातून रक्ताळ किंवा काळपट स्राव येतोय, दात हलतायत, एकाचे दोन दिसतायत, यातलं एक जरी लक्षण असलं तरी त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावं. 2021 मध्ये राज्याने या आजाराचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतले होते. त्यामुळे रेशनकार्ड, आधार सोबत ठेवून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं.

भांडुपच्या पाहुण्यांना फोन जरूर करावा, पण तो जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवरून.